स्पेलिंगच्या पलीकडे : प्राथमिक स्तरावरील इंग्रजी अध्यापन आणि वाचनाची गोडी
(ऊर्जानगर परिसराच्या संदर्भात)

गोषवारा

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय जून २००० मध्ये सुरू झाला. त्या व्यवस्थेत शिकलेले विद्यार्थी आता महाविद्यालयांत आहेत. त्यांतील अनेकांना शेकडो स्पेलिंगे पाठ असूनही इंग्रजीतील साधा उतारा सलग वाचता येत नाही. देवनागरीच्या सवयीतून आलेली स्पेलिंग-पाठांतराची पद्धत हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. ध्वनीच्या अंगाने शब्दवाचन, गोष्टींचे सहवाचन आणि पुस्तक घरी नेण्याची मोकळीक या गोष्टी एकत्र आल्या तरच मूल इंग्रजी वाचू लागते, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. विवेचनासाठी चंद्रपूरजवळील ऊर्जानगर-दुर्गापूर परिसर आणि ओघाने गडचिरोली जिल्हा विचारात घेतला आहे.

बीजशब्द : प्राथमिक शिक्षण, इंग्रजी वाचन, स्पेलिंग, झाडीबोली, शालेय ग्रंथालय, वाचन अभिरुची.

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची इंग्रजीची पाठ्यपुस्तके सहज चाळली तरी एक गोष्ट नजरेत भरते. छापील ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने, बारीक देवनागरी अक्षरांत, प्रत्येक शब्दाचा उच्चार लिहिलेला असतो. वर्गात वाचायला सांगितले की विद्यार्थी वाचतो, आणि बऱ्यापैकी वाचतो; परंतु त्याची दृष्टी छापील ओळीवर नसून पेन्सिलीच्या ओळीवर असते. म्हणजे तो देवनागरीच वाचत असतो. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला ती अक्षरे खोडून तोच उतारा पुन्हा वाचण्यास सांगितले, तेव्हा ती थोडी अडखळली आणि थांबली. बारावीला तिला इंग्रजीत चांगले गुण होते. ती म्हणाली, "सर, शब्द येतात, ओळ नाही येत."

या एका वाक्यात आपल्या प्राथमिक इंग्रजी अध्यापनाचे दुखणे आले आहे. शब्द येतात, कारण ते पाठ केलेले असतात. ओळ येत नाही, कारण ओळ पाठ करून वाचता येत नाही. हा प्रश्न केवळ इंग्रजी विभागाचा आहे, असेही नाही. अर्थशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा संदर्भग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती देताना प्रत्येक प्राध्यापकाला त्याचा सामना करावा लागतो, आणि मग आपण सर्वच जण नाइलाजाने बाजारातील 'गाइड'कडे काणाडोळा करतो. त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकाने पहिली-दुसरीच्या वर्गात डोकावणे अप्रस्तुत ठरू नये.

जून २००० पूर्वी मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या कारकीर्दीत तो पहिलीवर आणला गेला. शहरातील सुस्थित घरांतील मुलांना जे लहानपणी मिळते ते खेड्यातील बहुजन समाजाच्या मुलांनाही मिळावे, ही त्यामागील भूमिका होती आणि तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या शिक्षकांवर ही जबाबदारी आली, ते स्वतः पाचवीपासून आणि तेही व्याकरण-भाषांतराच्या मार्गाने इंग्रजी शिकलेले होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेली ती परंपरा प्रौढांसाठी उपयोगी होती. सहा वर्षांच्या मुलासाठी तिच्यात काहीच नव्हते. शिक्षकांनी मग आपल्याला माहीत असलेली एकमेव वाट धरली. फळ्यावर शब्द लिहायचा, त्याची अक्षरे एका सुरात म्हणवून घ्यायची, शेवटी उच्चार आणि अर्थ सांगायचा : सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.

अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज

ही पद्धत इतकी परिचयाची आहे की तिच्यात काही विसंगत आहे असे आपल्याला वाटतही नाही. तिचा उगम देवनागरीच्या सवयीत आहे, म्हणून प्रथम ती सवय समजून घेतली पाहिजे.

देवनागरीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज एकच असतो. 'क' या अक्षराचे नाव 'क', त्याचा आवाजही 'क'. म्हणून 'क', 'म', 'ळ' ही अक्षरे ओळखणाऱ्या मुलाने ती भराभर उच्चारली की 'कमळ' हा शब्द आपोआप तयार होतो. अक्षरांची नावे घेणे म्हणजेच वाचणे. मूल हे तत्त्व कोणी न सांगता आत्मसात करते आणि तेच घेऊन इंग्रजीकडे येते. इंग्रजीत मात्र अक्षराला एक नाव असते आणि आवाज वेगळा असतो, अनेकदा एकाहून अधिक असतात. सी, ए आणि टी ही नावे कितीही वेगाने उच्चारली तरी त्यातून 'सीएटी' एवढेच निघेल, 'कॅट' निघणार नाही. 'एच'च्या नावात 'ह' ऐकू येत नाही. 'डब्ल्यू'च्या नावात 'व' नाही. 'वाय'च्या नावात 'य' आहे खरा, पण तो शेवटी. सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार असलेली ही लिपी आहे. सी-ए-टी म्हणून झाल्यावर शिक्षक जेव्हा 'कॅट' म्हणतात, तेव्हा मुलाच्या दृष्टीने पहिल्या तीन आवाजांचा चौथ्याशी काहीच संबंध नसतो. शिक्षकांनी सांगितले म्हणून ते मान्य करायचे, एवढेच. अशा शंभर जोड्या पाठ करणारे मूल हुशार असते यात शंका नाही. पण एकशे एकावा शब्द समोर आला की त्याच्याजवळ कोणतेच साधन नसते. पेन्सिलीची देवनागरी ओळ तेथून सुरू होते.

यावर उपाय म्हणून अक्षराचा आवाज आधी शिकवावा, नाव नंतर, असे सांगितले जाते. त्याला अलीकडे 'फोनिक्स' या नावाने बाजारमूल्यही आले आहे. तालुक्याच्या गावीही त्याच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. तत्त्व योग्य आहे, परंतु मराठी मुलाच्या बाबतीत त्यात एक अडचण येते. देवनागरीतील व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो. म्हणून इंग्रजी 'बी'चा आवाज कोणता असे विचारले की मूल आणि शिक्षक दोघेही 'ब' म्हणतात, आणि त्या 'ब'च्या शेपटीला 'अ' असतो. मग 'क-ॲ-ट' असे जोडताना 'कअॅट' असे काहीतरी विचित्र तयार होते, मुलाला शब्द ऐकू येत नाही आणि शिक्षकाचा पद्धतीवरचा विश्वास उडतो. वास्तविक यावरचा उपाय मराठीच्याच वर्गात आहे. पाय मोडलेले अक्षर मराठी मुलाला ठाऊक असते. इंग्रजी व्यंजने ही पाय मोडलेली अक्षरे आहेत, क् ट् ब् प्, एवढे एकदा सांगितले की आवाज जुळू लागतात. त्याचप्रमाणे 'ॲ' आणि 'ऑ' या स्वरांना राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले असल्याने इंग्रजीतील हे दोन आवाज ओळखण्याची तयारीही मराठीच्या तासातच होऊ शकते. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास हे एकमेकांचे वैरी असल्यासारखे वागविण्याची आपली रीत येथे नडते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले भाषिक परस्परावलंबनाचे गृहीतक हेच सांगते की, एका भाषेत पक्के झालेले वाचनकौशल्य दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. उलटपक्षी, मराठीच धड न वाचणाऱ्या मुलावर इंग्रजी लिपी लादली तर दोन्ही कच्ची राहतात.

ऊर्जानगरचे शब्द

शिकवायला शब्द कोणते घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर ऊर्जानगरात फार सोपे आहे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. या केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. शेजारी दुर्गापूरच्या कोळसा खाणी, पलीकडे इरई धरण, त्याच्यापुढे ताडोब्याचे जंगल. वसाहतीत राज्याच्या सर्व भागांतून आलेले कर्मचारी, भोवतालच्या वस्त्यांत कंत्राटी कामगार, स्थानिक शेतकरी-शेतमजूर. मराठी, झाडीबोली, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी अशा अनेक भाषा एका रस्त्यावर ऐकू येतात. येथील मूल शाळेत येण्यापूर्वीच इंग्रजी शब्दांनी वेढलेले असते. फक्त ते शब्द इंग्रजी आहेत हे त्याला माहीत नसते. प्लांट, गेट, शिफ्ट, क्वार्टर, कॉलनी, पंप, बल्ब, ट्रक, टँक, स्विच, मीटर, बस, कप, मग. हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत. त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही, उच्चार शिकवावा लागत नाही. कागदावर ते कसे दिसतात एवढेच दाखवायचे असते.

यांतून पंप, बल्ब, ट्रक, बस, कप, मग एवढे सहा शब्द निवडून फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. सहाही शब्दांत मधले अक्षर 'यू' आहे आणि सहाही ठिकाणी त्याचा आवाज 'अ' आहे. मुले हे स्वतः शोधून काढतात, आणि शोधून काढल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. त्यानंतर 'टब', 'सन', 'रन' हे न शिकविलेले शब्द ती वाचू शकतात. गेट आणि प्लेट यांची जोडी लावली की शेवटचा 'ई' स्वतः गप्प राहून आधीच्या 'ए'ला त्याचे नाव उच्चारायला लावतो, हेही ध्यानात येते. पुढे कधीतरी 'पुट' येतो आणि नियम मोडतो. मुले हसतात, हसू द्यावीत. इंग्रजी लेखनपद्धती अनेक शतकांचा गाळ वाहून आणणारी आहे. तिच्यात अपवाद आहेत हे लपविण्यात अर्थ नाही, पण नियमच नाहीत असे समजून सर्व काही पाठ करायला लावणे ही त्याहून मोठी चूक होय.

येथे झाडीबोलीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पूर्व विदर्भातील या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'श'च्या जागी 'स' येतो. घरी 'पानी' म्हणणारे मूल शाळेत 'पाणी' म्हणायला शिकते, आणि अनेकदा हशा झेलून शिकते. त्याच्या बोलीत 'शिफ्ट' ही 'सिफ्ट' असते आणि 'शर्ट' हा 'सर्ट'. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'सिप' म्हणजे घोट, म्हणून हा भेद कानाला ऐकू येणे गरजेचे आहे. परंतु तो ऐकविण्याचा मार्ग खेळाचा असावा, दुरुस्तीचा नसावा. शिक्षकाने दोन्ही शब्द उच्चारावेत आणि मुलांनी योग्य चित्राकडे बोट दाखवावे. कान तयार झाला की जीभ मागाहून येते. आणि गंमत अशी की, वीज केंद्राच्या धुराड्याला आपण प्रमाण मराठीत 'चिमणी' म्हणतो, तर झाडीबोली बोलणारे मूल 'चिमनी' म्हणते. मराठीच्या तासाला ज्याबद्दल ते टोकले जाते, तोच उच्चार मूळ इंग्रजी शब्दाला अधिक जवळचा आहे. एखाद्या शिक्षकाने हे वर्गात बोलून दाखविले तर त्या मुलाची मान किती उंच होईल!

न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना शिकविताना याच तत्त्वाचा अवलंब केला होता. छापील वाचनमालेतील इंग्रज कुटुंबाचे शब्द बाजूला ठेवून त्या प्रत्येक मुलाला 'तुला आज कोणता शब्द हवा?' असे विचारीत, तो शब्द कार्डावर लिहून देत, आणि ते कार्ड त्या मुलाच्या मालकीचे होई. भीतीचे आणि मायेचे शब्द मुले एकदा पाहून वाचतात, असा अनुभव त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टीचर' या पुस्तकात नोंदविला आहे. ऊर्जानगरातील मूल कोणता शब्द मागेल हे सांगायला नको. 'टायगर' हा पाच अक्षरी शब्द शिकायला त्याला अडचण पडणार नाही.

गोष्ट आणि पुस्तक

मात्र शब्द वाचता येणे म्हणजे वाचन येणे नव्हे. 'द', 'वॉज', 'सेड', 'वन' यांसारखे शब्द इंग्रजीच्या प्रत्येक परिच्छेदात पुनःपुन्हा येतात आणि त्यांतील बहुतेक नियमाबाहेरचे असतात. ते डोळ्यांच्या ओळखीचे होण्यासाठी शेकडो वेळा भेटावे लागतात. वर्षभरात एका पाठ्यपुस्तकाच्या मोजक्या पानांतून ते तितक्या वेळा भेटत नाहीत. त्यासाठी पुस्तके हवीत, पुष्कळ हवीत, आणि मुलाने ती आपण होऊन उघडावीत अशी हवीत. वाचनाची गोडी ही भाषाशिक्षणानंतर जमल्यास साधायची शोभेची गोष्ट आहे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात दुसरी भाषा वाचण्यासाठी जी प्रचंड पुनरावृत्ती लागते, ती सक्तीने करविता येत नसल्यामुळे गोडी हेच तिचे एकमेव इंधन आहे.

या संदर्भात फिजी बेटांवरील एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी १९८० च्या सुमारास तेथील ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतील प्रत्येकी सुमारे अडीचशे आकर्षक गोष्टींची पुस्तके पुरविली. मुलांच्या घरी इंग्रजी नव्हते, शाळांत साधने तुटपुंजी होती. काही वर्गांत शिक्षक मुलांसह मोठ्याने सहवाचन करीत, काही वर्गांत मुले रोज वीस-तीस मिनिटे आपापले मूकवाचन करीत; उरलेल्या शाळांत नेहमीचे पाठ्यक्रमाधारित अध्यापन चालू राहिले. पुस्तके मिळालेल्या वर्गांची वाचनातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली, आणि दुसऱ्या वर्षी हा लाभ लेखनासह इतर भाषिक कौशल्यांतही दिसून आला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष 'पुस्तकांचा पूर' या नावाने ओळखले जातात. त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. फिजीत चौथीपासून इंग्रजी हे अध्यापनाचे माध्यम होते, आपल्याकडे तो दिवसाचा एक तास असतो. तरीही व्याकरणाचे जादा तास न देता, केवळ गोष्टींच्या बळावर खेड्यातील मुले पुढे गेली, हे महत्त्वाचे आहे. आपल्या उपखंडातही हा विचार नवा नाही. ढाक्यात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्वैभाषिकतेवरील आपल्या अहवालात, भारतीय विद्यार्थ्याला सर्वप्रथम इंग्रजी वाचता येण्याची गरज आहे, असे आग्रहाने मांडले आणि त्यासाठी मर्यादित शब्दसंख्येची वाचनमाला तयार केली होती.

सहवाचनाची कृती अवघड नाही. शिक्षकाने मोठ्या अक्षरांतील पुस्तक सर्वांना दिसेल असे धरावे, शब्दाखालून बोट फिरवीत गोष्ट मोठ्याने वाचावी, पुढे काय होईल ते मराठीत विचारावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा वाचावी. पुनरावृत्त होणाऱ्या वाक्यात मुले आपोआप सूर मिसळतात. मोठे पुस्तक विकत मिळाले नाही तर जुन्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर ते लिहिता येते. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट यासाठी उत्तम. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतले जंगल, वाघ, कोल्हा हे सारे मुलांना आधीच ठाऊक असते. त्यामुळे इंग्रजी वाक्य कळण्यासाठी अर्थ सांगण्याची गरज उरत नाही. गोष्ट आधी मराठीत मनसोक्त झालेली असावी, नंतर इंग्रजीत. प्रथम बुक्सची स्थापना २००४ मध्ये झाली, आणि २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या उपक्रमातून एकाच गोष्टीच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्या विनामूल्य मिळतात. त्या छापून शेजारी शेजारी ठेवल्या तर बरेच काम होते.

शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असले तर? ही शंका रास्त आहे आणि शिक्षक ती दबक्या आवाजात विचारतात. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी तयार केलेल्या इंग्रजीच्या आकाशवाणी पाठांत याचे चांगले उत्तर सापडते. त्यात आवाज रेडिओचा असतो आणि शिक्षक मुलांबरोबर कृतीत सहभागी होतो. छापील गोष्टही हेच करते. स्वतःची वाक्ये रचण्याचे ओझे तिच्यामुळे शिक्षकावर राहत नाही.

कपाटातील ग्रंथालय

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक पाच हजार ते वीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. म्हणजे पुस्तके अगदीच नाहीत असे नाही. ती कपाटात आहेत.

कपाटाला कुलूप आहे आणि त्याचे कारण शिक्षकाची उदासीनता हे क्वचितच असते. पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढले की ते मुख्याध्यापकाच्या माथी बसते. बदली होताना कार्यभार देतेवेळी एखादे पुस्तक कमी भरले तर उत्तर द्यावे लागते. सहा वर्षांच्या मुलाने नेलेले पुस्तक फाटणार, भिजणार, शेळी खाणार हे उघड आहे. ज्या व्यवस्थेत फाटलेले पुस्तक हा दोष आणि कोरे पुस्तक हा गुण ठरतो, तेथे सुज्ञ माणूस कुलूपच लावील. पुस्तके वापरून झिजली म्हणून ती रीतसर कमी करण्याची सोपी पद्धत केंद्रप्रमुखांच्या पातळीवर उपलब्ध झाली, तर एखाद्या प्रशिक्षणापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुस्तक घरी जाण्याचा आग्रह ऊर्जानगर परिसरात आणखी एका कारणासाठी धरावा लागतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराचा वाघाने बळी घेतला आणि लगोलग दुर्गापुरात एक किशोरवयीन मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात दगावला. तेव्हापासून दिवस मावळला की आया मुलांना अंगणातही सोडीत नाहीत. शहरातील मुलांप्रमाणे संध्याकाळी वाचनालयात जाण्याची कल्पना येथे गैरलागू आहे. संध्याकाळचे दोन-तीन तास मूल घरात कोंडलेले असते, आणि त्या वेळी त्याच्याजवळ मोबाइल असतो किंवा काहीच नसते. दप्तरातून घरी आलेले एक पुस्तक त्या वेळी मोलाचे ठरते. पालक निरक्षर असले तरी बिघडत नाही. मुलाने गोष्ट वाचावी आणि आईने ऐकावी. इंग्रजी गोष्ट तिला मराठीत किंवा झाडीबोलीत सांगावी. यात मुलाचे दोन वेळा वाचन होते, आणि एरवी गृहपाठात काही कळत नाही म्हणून दूर बसणारी आई श्रोता म्हणून जवळ येते.

जेथे मराठीही दुसरी भाषा आहे

हे सर्व विवेचन मराठी किंवा मराठीची बोली घरी बोलणाऱ्या मुलाला धरून केले आहे. ऊर्जानगरहून पूर्वेकडे गेल्यावर चित्र बदलते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, विशेषतः भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत, घराची भाषा माडिया किंवा गोंडी असते. त्या मुलाला 'कॅट म्हणजे मांजर' असे सांगणे म्हणजे एका अनोळखी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अनोळखी शब्दाने सांगणे होय. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ पासून हा पेच अनुभवीत आली आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली, यावरून हा प्रश्न लोकांना किती निकडीचा वाटतो हे ध्यानात यावे. अशा शाळांत पहिलीला इंग्रजीची लिपी घेऊच नये. इंग्रजी केवळ कानाने, गाणी-सूचना-गोष्टींतून यावे आणि लिपी एकच असावी, असे सुचवावेसे वाटते. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस तो मागे घेण्यात आला. त्या वादात राज्यभर पुष्कळ चर्चा झाली, परंतु ज्या मुलाची ती चौथी भाषा ठरली असती त्याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही.

महाविद्यालयाचा वाटा

प्रथम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांना ओळ वाचता येत नाही, त्यांना आपण पुन्हा व्याकरणाचे उपचारात्मक वर्ग देतो. त्याऐवजी त्यांच्याकडून जवळच्या शाळेसाठी मोठी पुस्तके लिहून घ्यावीत. एक विद्यार्थी, एक गोष्ट, आठ पाने, प्रत्येक पानावर एक-दोन वाक्ये. विद्यार्थ्याला ती वाक्ये अचूक लिहावी लागतात, लहान मुलांसमोर वाचण्यापूर्वी दहा वेळा मोठ्याने वाचावी लागतात, आणि पेन्सिलीची देवनागरी ओळ तेथे चालत नाही, कारण पहिलीतील मूल लगेच बोट ठेवून विचारते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अथवा अंतर्गत मूल्यमापनात हे बसविता येते. खर्च फारसा नाही. जुन्या दिनदर्शिका, मार्कर पेने आणि शिवण्यासाठी दोरा लागतो.

लेखारंभी जिचा उल्लेख केला, त्या विद्यार्थिनीने असे एक पुस्तक तयार केले होते. विषय तिनेच निवडला : सकाळच्या शिफ्टला जाणारे वडील आणि त्यांचा डबा. त्यात पंप, ट्रक, गेट, बस हे सारे शब्द आले होते. शाळेत वाचताना दुसऱ्या पानावर ती अडली, तेव्हा पुढच्या रांगेतील एका मुलाने तो शब्द तिला सांगितला. पुढे त्या पुस्तकाचा एक कोपरा फाटला, मुखपृष्ठावर कोणीतरी वाघ काढला, आणि अखेरीस ते कोणाच्या तरी घरी गेले ते परत आले नाही. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद नव्हती.